उसना गळा

डब्यूक, आयोवा
१४ ऑक्टोबर १९३८

चि. ऑटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. परवा बेकरी दुपारीच बंद करून आईला घेऊन तुझा सिनेमा पाहिला. आईने चर्चची टोपी घातली होती. पांढऱ्या झग्यात तू जिना उतरलीस तेव्हा मागच्या रांगेतल्या पोस्टमनने शिट्टी मारली. त्याला मी डोळे वटारून गप्प केलं.

मग तू गायला लागलीस आणि आई उभीच राहिली. भरल्या थिएटरात मोठ्याने म्हणाली की हा आमच्या ऑटीचा आवाज नाही. कोट ओढून तिला खाली बसवलं. घरी येऊन म्हणते, माझ्या पोटच्या पोरीचा गळा मला कळत नाही होय? गावात दोघीतिघींनी मला विचारलं की म्हातारीचं डोकं ठिकाणावर आहे ना. खरं काय ते लिही. लिओना ग्रे हे सिनेमातलं नाव जगासाठी. आम्हाला ऑटीच्या हातचं पत्र हवं.

माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.
तुझी हुल्डाताई


हॉलिवूड
२२ ऑक्टोबर १९३८

प्रिय ताईस,
ऑटीचा नमस्कार. वि. वि. आईचं डोकं अगदी ठिकाणावर आहे.

चार वर्षं मी नाचणाऱ्या मुलींच्या मागच्या रांगेत काढली, हे तुला ठाऊक आहेच. मग एका नटीचा पाय मोडला आणि मला पुढे उभं केलं. पण गाणं ऐकून संगीतवाले साहेब म्हणाले की चेहरा लिलीच्या फुलाचा आणि आवाज नदीतल्या बोटीच्या भोंग्याचा. तेव्हापासून मी नुसते ओठ हलवते. गाते ती पर्ल व्हिकरी, दोन मुलींची विधवा आई. तिचं नाव कुठेही येत नाही आणि मी ते कुणाला सांगायचं नाही, असं करारात आहे. बाई लाख मोलाची. श्वास कुठे घ्यायचा, म्हणजे मानेची शीर खऱ्यासारखी हलेल, तेसुद्धा तिनेच शिकवलं.

आता थँक्सगिव्हिंगच्या सणाला रेडिओवर, सभागृहातल्या तीनशे लोकांसमोर गायचं आहे. पर्लला पडद्यामागे उभं करणार आहेत. काय करू?

रागव, पण अबोला धरू नकोस.
तुझी ऑटी


डब्यूक
३० ऑक्टोबर १९३८

चि. ऑटीस,
आशीर्वाद. वि. वि. आईला सगळं वाचून दाखवलं. तिने फक्त त्या बाईचं नाव पुन्हा विचारलं आणि म्हणाली, मग लोकांना ते कळायला नको का?

माझं ऐकशील तर गप्प राहा. सोळाव्या वर्षापासून मी भट्टीसमोर उभी आहे. आपल्यातली एक तरी त्या धगीतून सुटली, याचं मला केवढं सुख आहे ते तुला कळायचं नाही. भरल्या ताटाला लाथ मारू नकोस. आईचं काय, तिला कुठे करारावर सही करायची आहे.

काळजीने,
ताई


सॅन फ्रान्सिस्को
२० फेब्रुवारी १९३९

प्रिय ताईस,
नमस्कार. वि. वि. तुझी रागाची तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर द्यायला तोंड नव्हतं.

रेडिओवर मी काय केलं ते तू ऐकलंसच. पर्लला हाताला धरून पडद्याबाहेर आणलं, सिनेमातली गाणी हिची असं सांगितलं आणि मग माझ्या भोंग्यात एक गाणं म्हटलं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओने मला सहा महिने घरी बसवलं आणि पर्लला कायमचं.

ती माझ्या गळ्यात पडेल असं मला वाटलं होतं. तिने दार उघडलं आणि शांतपणे विचारलं की मला आधी का नाही विचारलंस? म्हणाली, मोठं मन तू दाखवलंस, भाकरी माझ्या मुलींची गेली. ताई, ते खरं होतं. महिनाभर मी रोज तिच्या दारात जात होते. ती बोलायची नाही, पण कॉफी द्यायची.

सिनेमात काम करायला मला बंदी आहे. हॉटेलात गायची बंदी करारात घालायला ते विसरले. इथल्या एका हॉटेलवाल्याने मला बोलावलं. मी म्हटलं, दोघी येऊ. पर्ल अजून फटकळच बोलते, पण आली. ती वरच्या पट्टीत, मी खालच्या. लोक जेवायचे थांबतात. सोबत आमची रेकॉर्ड पाठवते आहे, तिच्यावर दोघींची नावं आहेत. स्टुडिओचा निरोप आला आहे की परत ये, तुझ्याच आवाजात गा. पर्लला विचारून कळवीन, असं सांगितलं आहे. यावेळी आधी विचारणार आहे.

आईला रेकॉर्ड आवडली का, ते लिही.
तुझी ऑटी


डब्यूक
२ मार्च १९३९

चि. ऑटीस,
आईचे आशीर्वाद. हुल्डा लिहिते म्हणाली, पण हे मीच लिहिते. अक्षर लावून घे.

रेकॉर्ड ऐकली. हुल्डा तोंड फिरवून भांडी घासत होती, पण घासलेलीच घासत होती. त्या पर्लबाईंना मुलींसह उन्हाळ्यात इकडे घेऊन ये.

तुझे बाबा गेले तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. ते गायचे हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, मला बोलवत नव्हतं. असाच खालचा, जाडसर आवाज. दुसऱ्या कडव्यात तू ओळ तोडून मध्येच श्वास घेतेस. तेही तिथेच चुकायचे. कुणी सांगितलं तरी सुधारू नकोस.

तुझी आई