दीड किलोमीटर

नाना, तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा ती हिंमत नव्हती, कारण तुम्ही घरातही मास्तरच असायचात. आपली शाळा बंद होते आहे. पट चौदावर आला आहे आणि जवळ दुसरी शाळा असेल तर पोरांना तिकडे पाठवायचं असं ठरलं आहे. आपल्याजवळ शाळा आहे, नाल्यापलीकडच्या गावात, दीड किलोमीटरवर. हा आकडा तुमचा आहे.

तो लिहिला गेला तेव्हा मी तिथेच होते. आई चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसून गाव माहितीचा तक्ता भरता आहात आणि मी प्रश्न वाचून दाखवते आहे. टपाल? पाणी? दवाखाना? प्रत्येक 'नाही' लिहिताना तुमचं तोंड कडू होत होतं. मग मी वाचलं, शेजारच्या गावाचं अंतर. आई भाकरी उलटत म्हणाली, "रस्तानं लिखा. फाटावरथीन अकरा किलोमीटर व्हस." तुम्ही मान वर केली नाही. "रस्ता कसाले? मारुतीले मी रोज पायी जास. दीड किलोमीटर शे." आई म्हणाली, "पावसायामा जाई दखाडा मंग." मला हसू आलं आणि तुमची पट्टी माझ्या मनगटावर बसली. तुम्ही आकडा लिहिलात, वर सांगितलंत की सरकारी कागदावर खाडाखोड करायची नसते.

तुमचं चुकलं असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही. आपल्याकडे अंतर पायवाटेनंच सांगतात. केळीच्या बागेतून खाली उतरायचं, नाल्यातली घोटाभर वाळू तुडवायची, पलीकडचा चढ चढला की त्यांचं मारुतीचं देऊळ. उन्हाळ्यात पाऊण घटका लागत नाही. पण सातपुड्यात पाऊस झाला की इकडे लख्ख ऊन असताना नाला भरून येतो, आणि मग आपलं गाव तिन्ही बाजूंनी पाण्यात आणि चौथ्या बाजूनं फाट्यापर्यंत चिखलात. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी तुम्ही लिहिलंत. मला वाटतं तुम्हाला लाज वाटत होती. अकरा किलोमीटर लिहिलं असतं तर आपलं गाव आडवळणी ठरलं असतं, आणि आडवळणी गावात कोणी पोरी देत नाही.

पुढे आरोग्य उपकेंद्र आलं ते पलीकडच्या गावाला. दीड किलोमीटरवर दोन-दोन उपकेंद्रं कोण देणार? तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी श्रावणात आईला धाप लागली. पलीकडच्या उपकेंद्रातला दिवा आपल्या ओट्यावरून दिसत होता, मध्ये नाला फुगलेला. दादानं ट्रॅक्टर काढला, फाट्याकडून निघालो. फाटा यायच्या आतच आई गेली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. शेवटी काही बोलली का म्हणून लोक विचारतात. ती काहीच बोलली नाही, तिला श्वासच मिळत नव्हता. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

मग माझी बदली आपल्याच गावात झाली, तुमच्याच खुर्चीवर. राहते शहाद्याला, स्कूटीवर येते. वाटेत पलीकडचं गाव लागतं, मग फाटा, मग आपण. बाकी गाव तुम्ही सोडलंत तसंच आहे म्हणावं तर तेही खोटं होईल. पाण्याची टाकी झाली, तिच्यात पाणी चढत नाही. एसटी सकाळी एकदा यायची, ती आता फाट्यावरूनच वळते. ज्यांना परवडलं त्यांनी पोरं शहाद्याला ठेवली. उरलेली चौदा माझ्याकडे आहेत, बहुतेक डोंगरातून कामाला येऊन इथेच राहिलेल्यांची. त्यांच्यासाठी नाल्यापलीकडची शाळा म्हणजे जूनपासून शाळा बंद, एवढा साधा हिशेब आहे.

बंद होणाऱ्या शाळांची यादी आली तेव्हा मी अर्ज घेऊन तालुक्याच्या कार्यालयात गेले. अंतर चुकीचं आहे, म्हटलं, जुन्या मास्तरांनी पायवाटेचं लिहिलंय. कारकून भला माणूस होता. त्यानं फाईल काढून सगळे तक्ते माझ्यापुढे ठेवले. सर्वांत खाली तुमचं अक्षर होतं, टाक दाबून काढलेलं, त्याच्यावर तुमच्यानंतरच्या मास्तरांचे तक्ते, आणि सगळ्यांत वर माझे. नऊ वर्षांचे नऊ तक्ते. प्रत्येकात दीड किलोमीटर, प्रत्येकाखाली माझी सही. रोज स्कूटीच्या काट्यावर अकरा किलोमीटर मोजत येणाऱ्या बाईची सही, नाना. जूनमध्ये तक्ता आला की मागच्या वर्षीचा समोर धरायचा आणि उतरवून काढायचा, एवढंच मी करत आले. आई ज्या रस्त्यावर गेली तो रस्ता मी नऊ वेळा खोडला.

कारकून म्हणाला, "बाई, दुरुस्ती होऊ शकते. पण आधीची माहिती चुकीची दिली, असा तुमचा लेखी खुलासा आठ दिवसांत लागेल." म्हणजे नोटीस आली, चौकशी आली. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत. घरी विचार करून देते, म्हटलं.

संध्याकाळी गावातले लोक शाळेत जमले होते. आपल्या शेजारची म्हातारी, जिच्या नातवाला मी पहिलीत बसवलंय, तिनं विचारलं, "बाई, आते पोरेसले कथा धाडू?" मग सगळेच विचारू लागले की हे दीड किलोमीटर लिहिलं कोणी. मी म्हणाले, नानांनी. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. "मास्तरनी? तेस्नी तं आमले शिकाडं." एक जण उठून गेला, त्याच्या मागे बाकीचे गेले.

म्हणून तुमच्याशी भांडायला बसले होते, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. हे पत्र पाठवायचं कुठे, आणि गावात ठेवलं तर कोणी वाचेल, म्हणून पर्समध्येच राहील. खुलासा द्यायची मुदत काल संपली. मी दिला नाही. गावात आता सगळे म्हणतात की शाळा मास्तरनं बुडवली, आणि मी ऐकून घेते.