छंद : सायकलिंग

लुइझियाना, शुक्रवार, ४ मार्च २००५

ती. सुवर्णामावशी,

तुझ्या पायांशी वाकून नमस्कार करायचा, तर सध्या मला वाकता येत नाही. बसताही येत नाही. हे पत्र मी एका चर्चच्या हॉलमध्ये पालथा पडून लिहितो आहे, तेव्हा नमस्कार मनोमन पोचला असं समज. तुझी शुगर आणि काकांचा गुडघा ठीक असतील अशी आशा आहे. (माझ्या गुडघ्यांबद्दल न विचारलेलं बरं.)

ज्ञानदाचं काय झालं, हो की नाही, एवढंच तुला हवंय हे मला ठाऊक आहे. मिरजेत फोनजवळ खुर्ची टाकून बसली असशील. पण या स्थळाचा आणि माझ्या हाडांचा जो काही निकाल लागायचा तो तुझ्यामुळे लागतो आहे, म्हणून आधी निमूट ऐकून घे. माझ्या बायोडाटात ‘छंद’पुढची जागा रिकामी दिसते म्हणून तू तिथे ‘सायकलिंग’ लिहिलंस. का, तर मी नववीत क्लासला सायकलवरून जायचो! मुलीकडचे छंद वाचत नाहीत, असं वर म्हणालीस. मावशी, या मुलीने तेवढंच वाचलं. ती ॲन आर्बरला पीएचडी करते आणि बर्फातसुद्धा सायकलने लॅबला जाते. चहापोह्यांऐवजी केजन मुलखात (हा लुइझियानातल्या जुन्या फ्रेंच लोकांचा भाग) सुट्टीत सायकल टूर आहे, तिथेच भेटू, असं तिने कळवलं. आणि शुगर लँड या गावातल्या माझ्या ऑफिसातून पार्किंगपर्यंत चालताना धापा टाकणाऱ्या मी ‘अवश्य’ म्हणून उत्तर पाठवलं.

पहिले काही दिवस कोरडे गेले, म्हणजे मी फक्त घामाने भिजलो. आज सकाळपासून मात्र धो धो. पाऊस लागला की कार्यक्रम रद्द, हे मी धरूनच चाललो होतो. पण आमची म्होरकी कॅरन ही निवृत्त शाळामास्तरीण. तिने शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं. टूरवरच्या आजी-आजोबांनी रंगीबेरंगी रेनकोट चढवले. मी कचऱ्याच्या काळ्या पिशवीला डोक्यापुरती आणि हातांपुरती भोकं पाडून ती अंगात घातली आणि घडीची छत्री कॅरिअरला लावली. (हसू नकोस. पावसात छत्री न्यायची नाही तर काय न्यायचं?) थकलेल्यांना उचलायला मागून एक व्हॅन येते. ती दिसली की माझा जीव तिच्यात अडकायचा, पण पुढे ज्ञानदाची पाठ दिसत होती. ज्याचा छंद सायकलिंग, तो व्हॅनमध्ये कुठल्या तोंडाने बसणार? तुझ्या त्या एका शब्दापायी मी पाण्याने भरलेल्या भातखाचरांमधून, समोरचा वारा अंगावर घेत मुकाट पाय मारत राहिलो.

तेवढ्यात माझं मागचं चाक बसलं. ज्ञानदा वळून आली आणि म्हणाली, “ट्यूब चेंज कर ना पटकन.” आता तूच सांग, आपल्या घरात कुणी जन्मात पंक्चर काढलंय का? आपण सायकल ढकलत कोपऱ्यावर नेतो, तिथे घमेल्यात पाणी घेऊन माणूस बसलेलाच असतो. सवयीने मी खरोखर कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे एक बगळा उभा होता. शेवटी तिनेच सायकल उलटी करून टायर सोडवला आणि मी तिच्यावर छत्री धरून उभा राहिलो. छत्री वाऱ्याने उलटी होत होती, मी सुलटी करत होतो. अखेर मला राहवलं नाही आणि मी सगळं ओकलो : नववी, क्लास, तू. हलकं वाटलं आणि आता नकार येणार अशी भीतीही वाटली, कारण मावशी, मुलगी मला मनापासून आवडली आहे.

समोरच्या घरातून ओडिल नावाच्या आजी हे सगळं बघत होत्या. त्यांनी हाका मारून आम्हाला आत घेतलं, टॉवेल दिले, आई-वडील कुठले, काय करतात, जेवलात का, सगळी चौकशी केली. मग टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर उकडलेल्या लालभडक क्रॉफिशचा (कोळंबीचा दांडगा चुलतभाऊ) ढीग ओतला. आम्ही शाकाहारी आहोत, असं मी घाईने सांगितलं. त्या म्हणाल्या, “हनी, इट्स फ्रायडे! नो मीट फॉर अस आयदर.” ईस्टरआधीचे शुक्रवार त्यांचे उपासाचे, आणि क्रॉफिश ते मांसात धरत नाहीत. (आपण उपासाला साबुदाणावडे तळतो, आपण कुठल्या तोंडाने हसायचं?) नको म्हटलं की त्या आणखी वाढत. दोघांच्याही बायोडाटात ‘शुद्ध शाकाहारी’. मी त्या ढिगातला बटाटा कुरतडत बसलो; तोही त्याच पाण्यात उकडला होता, हे दोघांनाही दिसत होतं. मग ज्ञानदाने माझ्याकडे न बघता एक उचललं आणि त्याची मान अशा सराईतपणे पिरगाळली की, ती ‘शाकाहारी’ची ओळ तिच्याही कुण्या आत्याने लिहिली असणार हे मी ओळखलं. मीही दोन खाल्ले. (आईला कळता कामा नये.)

तेव्हापासून ती माझ्याशी धड बोललेली नाही. खोटारडा, अनाडी आणि वर पंक्चरसुद्धा न काढता येणारा नवरा कोण करेल? तेव्हा नकार येणार असं धरून चाल.

तुझा पालथा,
अवधूत

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण असं. हे मिळाल्याबरोबर नागपूरला तिच्या आईला फोन कर आणि सहज विचारल्यासारखं विचार, मुलगी काय म्हणते? ज्ञानदा आत्ता माझ्यापासून चार हातांवर चेन पुसत बसली आहे, पण मला विचारायचा धीर होत नाही.

ता. क. : सुवर्णामावशी, नमस्कार. मी ज्ञानदा. अवधूतने पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट ओलं होऊन सुटलं होतं, मी वाचलं. नागपूरला फोन करू नका, तिथे अजून कुणालाच काही माहीत नाही. आम्ही ओडिल आजींकडून निघालो तेव्हा हा आधी बाहेर गेला. त्या आजींनी मला दारात थांबवून विचारलं, भर पावसात तुझी सायकल पुसत उभा आहे तो तुझा नवरा का? मी म्हटलं, अजून नाही.