सहा बोटांचा हात

प्रिय वहिनी,

हा शब्द लिहिला आणि पेन थांबलं. कोर्टाच्या कागदाप्रमाणे तू आता माझी कोणी लागत नाहीस. पण त्या कागदावर सह्या तुझ्या आणि दादाच्या आहेत. मला कोणी विचारलं नव्हतं. तेव्हा वहिनीच लिहिते.

बातमी अशी, की पणजीची चादर आता माझ्याकडे आली आहे. आई म्हणाली, "सुई हल्ली कापडात कमी आणि बोटात जास्त जाते. घे बाई तू." वर्षअखेरच्या सुट्टीत सगळे जमले की लांब टेबलावर ती पसरायची, हे आता माझं काम. आजवर ती सुनेकडून सुनेकडे गेली. लेकीकडे पहिल्यांदाच आली, हे आत्याच्या घशाखाली उतरलेलं नाही. तिला ती कधी मिळाली नाही. तिचं दुखणं मला कळतं, पण पटत नाही.

तुझी आमच्याकडची पहिली सुट्टी आठवते? नव्या माणसाने बसायच्या जागी पंजा ठेवायचा, आईने भोवती पेन्सिल फिरवायची, मग सवडीने ती रेघ दोऱ्याने भरायची. ती जागा त्याची जन्माची. पणजोबांच्या पंजावर अजून कोणी वाटीसुद्धा ठेवत नाही. तुला गुदगुल्या झाल्या, अंगठा हलला आणि रेघ दोनदा उमटली. उमटलेली रेघ खोडायची नाही, हा घरचा नियम. आईने इमानेइतबारे दोन्ही अंगठे भरले. बाबा म्हणाले, "सून कामाची मिळाली, एक बोट जास्तच आहे." तू म्हणालीस, "ते कामाला नाही बाबा, तुमचं घर बघून तोंडात घालायला." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून तू सहाबोटी.

रविवारी आत्या आली. चहा हातात घ्यायच्या आधीच म्हणाली, "सहाबोटीला उसवलंस का गं?" दादा यंदा नव्या बायकोला घेऊन येणार आहे, तिला त्याच्या शेजारी जागा हवी आणि त्याच्या शेजारी तू आहेस. मी नाही म्हटलं, तर म्हणाली, "स्वतःचा संसार मांडला नाहीस, निदान दुसऱ्याच्या संसारात सुई खुपसू नकोस." मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "तू आणि आत्या बघा काय ते, मला मध्ये घेऊ नका." लग्नं दोन्ही त्याची, आणि मध्ये मात्र तो नाही.

तुला खोटं वाटेल, पण मी कात्री घेऊन बसलेही. डायरीत स्वतःलाच विचारलं, मी न्यायाचं बोलते आहे की नुसती हट्टाला पेटले आहे? त्या नव्या बाईचा काय दोष? तिने दुसरीच्या हाताशेजारी का जेवावं? प्रश्न खरे होते. मग चादर खिडकीच्या उजेडात धरली. एका कोपऱ्यात सुईच्या भोकांचा एक पंजा आहे. लहानपणी मी तो उंदराचा उद्योग समजत असे. तो आजोबांच्या धाकट्या बहिणीचा. तिने न विचारता लग्न केलं म्हणून आजीने तो उसवला. तिच्याबद्दल विचारलं की आई भाजी निवडायला घ्यायची, घरात भाजी नसली तरी. आणि तुझ्या हाताला लागून तुझ्या लेकीचा इवलासा पंजा आहे. आईने मायलेकींचे हात एकाच दोऱ्याने भरले आहेत, मध्ये कुठे गाठ नाही. तुला उसवायला घेतलं तर पोरीची करंगळी सुटते. सुट्टीत ती बापाबरोबर येणार, आणि आपल्या हाताशेजारी भोकं बघणार. मी कात्री ठेवून दिली.

नव्या बाईला मी स्वतः भेटले. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला कोणाच्या भोकांवर बसायचं नाही." म्हणून दादाच्या दुसऱ्या बाजूला, चादर संपते तिथे, मी नव्या कापडाची पट्टी जोडली. तिथे तिचा हात येईल. आत्या म्हणते चादरीचा बट्ट्याबोळ केला. म्हणू दे. माणसं वाढली तर कापड वाढायला हवं.

आता पत्राचं कारण. आत्याने काल निरोप धाडला, "सुट्टीच्या आत उसव, नाहीतर चादर माझ्याकडे दे, मी उसवते." निरोप मिळाला तशी मी सुई घेतली आणि तुझा हात पुन्हा भरला, जाड दुहेरी दोऱ्याने, जुन्या टाक्यांवरून, सहाही बोटं. आता तुला काढायचं तर चादर फाडावी लागेल, आणि पणजीची चादर फाडायची छाती आत्याचीही नाही. हे तुला बाहेरून कळू नये म्हणून लिहिते आहे. यायचं की नाही, ते तुझं तू ठरव. नाही आलीस तर मी रुसणार नाही. पण तुझ्या हातावर ताट मांडलेलं असेल, आणि ते तिथून कोणी उचलू लागलं तर आधी माझ्याशी गाठ आहे.

तुझीच,
कोणी न विचारता उरलेली नणंद