प्रश्नाआधीचं उत्तर

मंगळवार, संध्याकाळ

पायलटची लेखी परीक्षा पुढच्या आठवड्यात. आज बाबा मला हवामानाचे प्रश्न वाचून दाखवत होते, एकेक इंग्रजी शब्द जपून उच्चारत. वादळी ढगाचा प्रश्न अर्धाच झाला होता, मी म्हणाले, "सी." बरोबर! पुढचाही तसाच. बाबा हरखले. शेजारच्या काकूंना दारातूनच म्हणाले, "अहो, प्रश्न संपायच्या आत उत्तर देते आमची!"

प्रश्नसंचातल्या उत्तरांची नुसती अक्षरं पाठ केलीत मी. खरंच तसा ढग समोर आला तर? सी म्हणे! बाबांना तेव्हाच सांगायला हवं होतं ना?

बाबा अजून एकदाही विमानात बसलेले नाहीत. बसेन तर लेकीच्याच, असं ठरवलंय त्यांनी.