शिंपल्यावरचे दाणे

रविवार, दि. १४
सकाळी सहा

प्रिय बाईसाहेबांस,

साडूभाऊंना नमस्कार. पाकीट तेच फोडणार, म्हणून त्यांचा पहिला. तुझ्या ताईंना दुसरा. मी ठीक आहे. ताईंच्या हातचं खाऊन तूही ठीक असशीलच.

तू गेल्यापासून मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: काचेच्या टाकीवरचं जाळीचं झाकण, कारखान्यात आम्ही खिडक्यांना लावतो त्याच बारीक जाळीचं, चारही कोपरे पंचेचाळीस अंशांत कापलेले, फट शोधून दाखवावी. दिवा वर-खाली करायची खुंटी. जुना टूथब्रश गजाच्या टोकाला बांधून केलेला लांब दांड्याचा कुंचला. तुझ्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय. आणि भात, तीनदा. तिसरा खाता आला. साडूभाऊ म्हणतात, घरी केलेल्या वस्तूला बाजारात कोणी विचारत नाही. म्हणोत. त्यांचा सोफाही दुकानातून आला आणि मतंही.

तुझी अट मी विसरलेलो नाही. फोन करायचा नाही, कारण फोनवर मी व्याख्यान देतो. पत्र लिहायचं, कारण कागद कुठेतरी संपतो. आणि पत्रात माशांबद्दल एक शब्दही नको, शिंपला कसा आहे तेवढं कळवायचं. अट मान्य. म्हणून मी गोगलगायींबद्दल लिहितो. गोगलगाय हा मासा नाही.

त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं सगळं मी निवडलं. दगड मी, पोवळी मी, मीठ किती ते मी. फक्त निळ्या ओठांचा शिंपला तू निवडलास, तोही ‘हा माझ्याकडे बघतोय’ एवढ्याच कारणावर. असं कारण शास्त्रात बसत नाही, हे मी दुकानातच सांगितलं होतं.

तर झालं असं. तू असतेस तेव्हा मला आठ वाजता चहा हातात मिळतो. आठलाच टाकीचा दिवा लागतो, आणि दिव्याशिवाय मी टाकी बघत नाही, रंग खरे दिसत नाहीत. आता दूधवाल्याला दार मलाच उघडावं लागतं. एका पहाटे तसाच चहा घेऊन टाकीजवळच्या तुझ्या खुर्चीत बसलो. पाय डुगडुगला, तेव्हाच दुरुस्तीचं ठरवलं. आणि अंधुक उजेडात शिंपल्याच्या कडेला तांदळाच्या कण्या चिकटल्यासारख्या दिसल्या. नीट बघितलं, तर कण्या चालत होत्या.

त्या गोगलगायी. दिवसा शिंपल्याच्या बुडाशी दडतात, अंधारात वर येतात आणि त्याच्या अंगात सोंड खुपसून रस पितात. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात. हिच्या तोंडात नळीही आहे. दिवा लागला की एकही नाही. म्हणजे दिव्याखाली बघणाऱ्या माणसाला त्या जन्मभर दिसायच्या नाहीत, आणि दिव्याआधी उठणाऱ्याला रोज दिसतील. हे मी नुसतं निरीक्षण म्हणून लिहितो. घरात कोण कधी उठतं, त्यात मी शिरत नाही.

आता यापुढे नाइलाज आहे. या गोगलगायींना औषध म्हणजे मासाच. अट मोडते, पण प्रश्न शिंपल्याचा आहे.

निवड मी जावई शोधावा तशी केली. पहिला आला फुगणारा पफर. दात असे की गोगलगायींचं पीठ करील. पण मग शिंपलाही सोडणार नाही. ढेकणांसाठी घर जाळायचं झालं. दुसरा, लांब चोचीचा, फुलपाखरासारखा. देखणा, पण जेवणाचे नखरे फार, आणि भूक लागली की शिंपल्याच्या ओठालाच टोचे मारणार. तिसरा, अंगावर सहा रेघांचा. अंगठ्याएवढा, कामाला वाघ. पण आठवड्याभरात टाकी स्वतःच्या नावावर करून घेतो आणि दुसऱ्या कुणाचं चालू देत नाही. मत्स्यालयाच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, असा घरात एक असला की पुरे. मी त्यांना घरचं काहीही सांगितलेलं नव्हतं.

चौथा पिवळा. लिंबाच्या सालीसारखा. स्वभावाने गरीब, शिंपल्याला धक्का न लावता फटीफटीतून टिपत फिरतो. खोडी दोनच. उडी मारतो, म्हणून झाकण. आणि झोपायला वाळूत शिरतो.

वाळू. इथे मी जरा उठून पाणी पिऊन आलो.

वाळूत घाण साचते, म्हणून आपल्या टाकीचा तळ उघड्या काचेचा, हे मी सगळ्यांना पटवून दिलेलं आहे. टाकी भरली त्या दिवशी कुणीतरी म्हणालं होतं, थोडी वाळू घाला हो, दवाखान्याची फरशी वाटते. ते कुणीतरी कोण, हे साडूभाऊंना कळायची गरज नाही. वाळू घातली. दोन इंच. बरी दिसते.

मासा सोडला. त्याने एक फेरी मारली, माझ्याकडे बघितलं आणि सरळ वाळूत घुसला. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. काचेवर टिचक्या मारल्या, हाकासुद्धा मारल्या. शेवटी पट्टी घेऊन वाळू उकरणार होतो, पण आधी दुकानात जाऊन भांडावं म्हटलं. मेलेला मासा दिलात, असं बाईंना सुनावलं. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाची पिशवी बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

“मेला नाही, बिथरलाय. उकरायला जाल तर कायमचा जाईल. दिवा वेळेवर लावा, खाणं वेळेवर टाका आणि तोंड मिटून बसा. यायचं तेव्हा आपणहून येईल.”

मी म्हटलं, पहिली दोन जमतील.

वाटेत मला शंका आली की तुझ्या ताईंनी या बाईंना फोन केला असावा. पण तोंड मिटून बसलो. तुला इतके दिवस पत्र आलं नाही, ते त्यामुळे.

गुरुवारी मासा वाळूतून वर आला. मी कारखान्यात रजा टाकली होती, ‘घरी आजारी’ म्हणून. शिंपल्याजवळ थांबला, मान तिरकी करून एका दाण्याकडे बघितलं, तू ताटात तांदूळ घेऊन बघतेस तसं, आणि टिपला. मग दुसरा. आता पहाटे मी कुंचल्याने वरचे झाडतो, दिवसा तो खालचे वेचतो.

शिंपल्याची उजवी कड उघडली आहे, निळीशार. डावी अजून मिटलेली. त्याच्या पाठीवर गोगलगायींनी अंडी घातली आहेत, ती काढली नाहीत तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. बाई म्हणतात, दिसतात, नीट बघा. मी चष्मा लावून बघितलं, भिंग लावून बघितलं. मला दिसत नाहीत.

त्या संध्याकाळी ताई आणि साडूभाऊ बसलेले असताना तू म्हणालीस, शिंपल्यावर दाणे आहेत. मी म्हणालो, तांदूळ निवडायचे डोळे वेगळे आणि टाकी बघायचे डोळे वेगळे. साडूभाऊ हसले. तू हसली नाहीस. सकाळी बॅग भरताना एवढंच म्हणालीस, “निवडायचे डोळे घेऊन जाते. बघायचे तुमच्याकडे आहेतच.”

ते डोळे एकच आहेत. हे वाक्य साडूभाऊंनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं, माझी हरकत नाही.

मी तुझ्या खुर्चीत बसलो की शिंपला थोडा मिटतो. माझी सावली मोठी पडते, कारण शास्त्रीय आहे. खुर्ची आता डुगडुगत नाही.

कागद संपला.

न निवडलेल्या तांदळाचा भात खाणारा,
तुझाच

ता. क. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले होते. पेशंट बसतात तिथे टाकी हवी आहे: झाकण, दिवा, पोवळी, वाळू, मासा, सगळं आहे तसं. फक्त शिंपला काढून घ्या म्हणाले, तो नुसता बसून असतो. मी नको म्हटलं. एक लाख चाळीस हजार देत होते.