उजवं पारडं

१२ नोव्हेंबर

प्रितमचं पार्सल आलं पुण्याहून. वाटलं, गुडघ्याचं तेल असेल! उघडलं तर एक काळी डबी. पानाच्या डब्याएवढी, पण वजनदार — हातावर तोलली, साडेचारशे ग्रॅम भरावी. पुढे एक गोल बटण, एक हिरवा दिवा. सोबत कानाला लावायचे हेडफोन, लोडासारखे फुगलेले. फोनवर पोरगं म्हणतं, "हेडफोन ॲम्प्लिफायर आहे, बाबा. तुमच्या स्पर्धेच्या कॅसेटी याच्यावर ऐका. पोरं समोर उभी राहून कविता म्हणतात असं वाटेल."

आणि वर अट! काय ऐकलं, कसं ऐकलं, लिहून पाठवायचं. डाव्या बाजूचं वेगळं, उजव्या बाजूचं वेगळं. त्याचा कुठलासा ग्रुप आहे, तिथले शौकीन वाट बघून आहेत म्हणे.

चाळीस वर्षं तुमसरच्या बाजार समितीत मापाडी होतो. हमालाच्या पाठीवरचं धानाचं पोतं बघून वजन सांगायचो. ग्रुपला योग्य माणूस मिळाला! त्यांच्यासाठी साफ कागदावर लिहीन. इथे खरं.

१३ नोव्हेंबर

पहिलं श्रवण. टेपची वायर डबीत, डबीची वायर कानात. आमची सौ. गिरजा सूप घेऊन माझ्या डावीकडे येऊन बसली, तांदूळ निवडत.

२००९ सालची कॅसेट लावली. गुरुजींच्या नावाने मी दर जानेवारीत शाळकरी मुलांची काव्यवाचन स्पर्धा घेतो, त्यातली. (गुरुजींनी सातवीत कविता शिकवल्या नसत्या तर मी नुसताच मापाडी राहिलो असतो.) परीक्षक मी एकटाच. दुसरा ठेवला की मापात मतभेद होतात.

अनुभव: आवाज भरदार. टाळ्या म्हणजे पोत्यातून धान ओतल्यागत! डावी बाजू चोख. उजवीवर मात्र गोधडी टाकलेली आहे.

१४ नोव्हेंबर

आज एकेक बाजू वेगळी ऐकली. त्या वर्षी पहिली आलेली मुलगी. कॅसेटच्या वेष्टनावर माझंच अक्षर — 'स, श धारदार. दहापैकी नऊ.' डावीने ऐकलं, धारदारच. उजवीने ऐकलं तर स नाहीत! श नाहीत! शब्दांची टरफलंच काढून ठेवलेली. मशीनची उजवी बाजू स खाते.

प्रितमला कळवलं. म्हणाला, "छान निरीक्षण आहे. ग्रुपला फार आवडलं."

यात आवडण्यासारखं काय?

१७ नोव्हेंबर

शेजारचे पुंडलिकराव आले. बाजारातले जुने अडते. पूर्वी रोज सकाळचा चहा आमच्याकडे. वर्षभरात चार-दोनदा आले असतील. आले की धानाबद्दल बोलतात, माझ्याबद्दल नाही. आज डबीवर नजर गेली.

"हे काय आनलं जी?"

सांगितलं.

"मंग आता तरी बराबर ऐकू येते का तुमाले?"

टोमणा कळला. मागच्या स्पर्धेत त्यांची नात रक्षा, तेव्हा आठवीत, माझीच कविता म्हणायला उभी राहिली होती. 'सांजसावळ्या शेतावरती सारस सारे आले.' ओळ मुद्दाम अशी बांधली आहे की स स्वच्छ नसेल तर सारस उतरतच नाहीत. पोरीने सगळे स गिळले. मी दहापैकी चार दिले. शिवाय माईकवरून सांगितलं — तोंडात सुपारी ठेवून कविता म्हणू नये! सभागृह हसलं. मला वाक्य बरं जमलं असं वाटलं होतं.

पुंडलिकराव म्हणाले, "पोरगी वर्गात तोंड नाही उघडत आता. बाईनं उभी केली का मान खाली. पोरं 'सुपारी' म्हनून चिडवतेत तिले. यंदा नाव नाही देत म्हनते."

मी म्हटलं, काटा नातंगोतं पाहत नाही.

चहा अर्धा ठेवून गेले.

१९ नोव्हेंबर

ग्रुपसाठी निवेदन लिहिलं. 'प्रस्तुत यंत्र डावीकडे प्रामाणिक व उजवीकडे लबाड आहे.' शैली जमली. प्रितम म्हणतो, हेडफोन खराब असतील, दुसरे पाठवतो.

२८ नोव्हेंबर

दुसरे हेडफोन आले. गोधडी तीच!

गिरजाला म्हटलं, आजकालच्या वस्तूंत काही राम नाही. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "मंग तपासून पाहा ना. तुमी तर मापाडी."

हसत होती की काय!

२ डिसेंबर

डबीशी अबोला.

५ डिसेंबर

आज तपासलं. तपासलं नसतं तर बरं होतं.

जुन्या दांडीच्या काट्याची आमची रीत होती. काट्यावर संशय आला तर पारडी बदलायची. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. खोट पारड्यासोबत गेली तर पारडं खोटं. खोट जिथल्या तिथे राहिली तर दांडीच खोटी. नवीन पोराला पहिल्या दिवशी शिकवायचो हे. आणि मला डबीच्या बाबतीत सुचायला तेवीस दिवस लागले.

हेडफोन उलटे घातले. डावा लोड उजव्या कानावर, उजवा डाव्यावर. कॅसेट तीच. आता गोधडी डावीकडे जायला हवी होती.

गेली नाही. उजवीकडेच राहिली.

पुन्हा बदलले. पुन्हा. पाच वेळा. गिरजा बघत होती.

मग मोबाईलमधलं मागच्या जानेवारीचं रेकॉर्डिंग लावलं. रक्षा. आधी उजव्या कानाने ऐकलं — चार गुण. हेडफोन सरकवून डाव्या कानाने ऐकलं, आणि एकेक सारस पंख मिटत माझ्या शेतात उतरला. एकही स गिळलेला नाही. माझ्या कवितेत इतके स आहेत हे मलाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी सभागृहात मी कुठे बसलो होतो, आठवलं. खुर्ची खिडकीशी. डाव्या कानाला खिडकीतून राइस मिलची घरघर, उजव्या कानाला रक्षा.

६ डिसेंबर

गिरजा आजही डावीकडेच बसली. आठवून पाहिलं — ती कधीपासून डावीकडे बसते?

९ डिसेंबर

भंडाऱ्याला जाऊन आलो, कानाच्या डॉक्टरकडे. त्यानेही हेडफोनच लावले. हलके, आवाज पातळ, आमच्या डबीची सर नाही. पिकपिक ऐकू आलं की बोट वर करायचं. डावीकडे बोट वर-खाली, वर-खाली. उजवीकडे हात मांडीवर ठेवून बसून राहिलो, वर्गात उत्तर न येणाऱ्या पोरासारखा.

डॉक्टर म्हणाला, तीन-चार वर्षांपासूनचं असावं. यंत्र लावलं तर सुधारेल.

म्हणजे तीन-चार जानेवारी! किती पोरांना मी कमी तोललं असेल? बाजारात असा काटा सापडला असता तर मीच त्याच्यावर जप्ती आणली असती.

१५ डिसेंबर

पुंडलिकरावांच्या फाटकापर्यंत गेलो. त्यांच्या गायीची चौकशी करून परतलो.

१८ डिसेंबर

पुन्हा गाय.

१९ डिसेंबर

गिरजा: "गाय बरी हाय. तिच्या मालकाशी बोला आता."

२१ डिसेंबर

गेलो एकदाचा.

पुंडलिकराव ओसरीवर, रक्षा खाली वालाच्या शेंगा सोलत. वर्षभरात उंच झाली पोरगी. मी घरून चांगलं भाषण जुळवून नेलं होतं, त्यात 'न्यायदान' असा शब्दही होता. ते काही आलं नाही तोंडात. एवढंच म्हणालो, "बेटा, मागच्या वर्षी माझा काटा खोटा होता. तू बरोबर म्हटलं होतंस. मला एका कानाने ऐकू येत नाही. यंदा स्पर्धेत माईकवर हेच सांगणार आहे, सगळ्यांसमोर."

पुंडलिकराव बघतच राहिले. मग म्हणाले, "काटा तपासाले वरीस लावलं तुमी! आमच्या टायमाले तर दिवसात पंचनामा व्हाचा." आणि आत ओरडले, "अवो, चहा ठेवा दोन. पूर्ण पेऊन जातेत आज हे."

पण रक्षा! तिला काडीचं नवल वाटलं नाही. मान खाली, शेंगा सोलणं चालू. मला जरा रागच आला. माणूस इतकं मोठं कबूल करतो, निदान डोळे तरी मोठे करावेत!

म्हटलं, "म्हणून दाखवशील? परीक्षक म्हणून नाही. ज्याची कविता आहे तो म्हणून."

ती थांबली. परकराला हात पुसले. पाट उचलला, माझ्या पाठीमागून वळसा घालून डावीकडे आली, आणि तिथे बसून म्हणू लागली. आधी हळू, मग मोकळं.

सगळे सारस आले. माझा चहा निवून गेला, पण प्यालो पूर्ण.

घरी परतताना वाटेत थबकलो. एका कानाने म्हटलं होतं मी. कोणता, ते सांगितलंच नव्हतं!

२२ डिसेंबर

गिरजाला विचारलं. आधी चुलीकडे तोंड फिरवलं, मग सांगितलं. "बक्षीसं वाटले त्याच्या दुसऱ्याच दिवशी आली होती पोरगी. रडून डोये लाल. म्हने, आजी, आजोबाले उजवीकून आवाज देल्ला तर ते पाहातच नाही. डावीकून देल्ला तर पाहातेत. कोनाले सांगू नोका म्हने, त्याइची स्पर्धा जाईन."

"आणि तू?"

"मले तर आधीच मालूम होतं. चार वर्सापासून डॉक्टरकडं चला म्हनून राहिली, तुमी ऐकता का? म्हनून तपासाले काहीतरी पाठव म्हटलं प्रितमले."

प्रितमला फोन लावला. डाव्या कानाशी धरला. विचारलं, माझी निवेदनं वाचणारा तो तुझा ग्रुप, त्यात शौकीन लोक आहेत तरी किती?



"तिघं, बाबा. मी, आई आणि रक्षा."