डब्लिनहून आलेलं बिरडं

शनिवार, ११ जानेवारी

आली! आमच्या लेकीचं, आश्लेषाचं बाळंतपण उरकून सहा महिन्यांनी अंबिका आज डब्लिनहून नागावला पोचली. बॅगा उचलून माझी कंबर धरली. आत काय? चॉकलेटं, बाळाची झबली आणि नारळाच्या दुधाचे सहा डबे! दाराशी नारळाची वाडी, आणि बायको विमानातून नारळ आणते! म्हटलं, "समुद्रात ओतायला थोडं मीठपण आणायचंस की."

"तिकडे सेल लागला होता हो," म्हणाली.

जाऊ दे. आता वालाचं बिरडं! सहा महिने स्वतःची करपलेली खिचडी गिळली ती त्याच आशेवर.

रविवार, १२ जानेवारी

बिरडं झालं. म्हणजे, असं तिचं म्हणणं. पानात बघतो तर हिरवेगार मटार पोहतायत! वाल कुठेत? "तिकडे कुठले मिळायला? फ्रीजरमधले मटार घालायचे. सोलायची कटकट नाही." आमसुलाच्या जागी लिंबू. नारळ डब्यातला. गुळाचा पत्ताच नाही.

"अगं, पण हे डब्लिन नाही!"

"कुशल तर दोनदा मागून घेतो," म्हणाली. जावई तो, बिचारा काय बोलणार! भांडीही तोच घासतो म्हणे. हे मला ऐकवायची काय गरज होती?

सोमवार, १३ जानेवारी

गुणाजी नारळ पाडायला आला. झाडावरून उतरून विचारतो, "वयनी, दोन सोलून ठेवू काय?" ही आतून ओरडली, "नको रे, डबा उघडलाय!"

गुणाजीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं घरात कोणी गेलंय. संध्याकाळपर्यंत ही बातमी चौलला पोचणार!

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेतला, गोड बोललो. दुपारपर्यंत.

बुधवार, १५ जानेवारी

आश्लेषाचा फोन. स्पीकरवर होता म्हणून कळलं – "आई, जूनमध्ये परत ये ना. माझी रजा संपतेय." ही म्हणाली, "बघते." बघते! 'नाही' का नाही म्हणाली? 'बाबांचं काय' असंही नाही!

अंगणात नुसता फेऱ्या मारत होतो. आता परत एकटं राहणं मला जमायचं नाही. ती घरात नसली की मला काही सुचत नाही. हे तोंडावर कसं सांगायचं? आमच्यात असं बोलायची पद्धत नाही.

मग एकदम डोक्यात आलं – तिची जीभ बिघडलीय, बस्स! घरची चव परत लागली की जायचं नाव काढणार नाही. बिरडं मीच करणार! वाल भिजत घातले.

शुक्रवार, १७ जानेवारी

फजिती! काल वाल उपसून फडक्यात बांधले नि स्टीलच्या डब्यात कोंबून झाकण घट्ट लावलं. आज उघडलं तर मोड नाहीत, नुसता वास! शेजारच्या मनुबाई कुंपणापाशी येऊन विचारतात, "काय मेलंय काय हो?" अंबिका हसून हसून खाली बसली. "अहो, त्यांना वारा नको का लागायला?"

सगळे माडाच्या बुंध्याशी ओतले. पुन्हा भिजत घातले. या वेळी फडकं खुंटीला टांगणार.

सोमवार, २० जानेवारी

आले मोड! कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलत बसलो. पाठीचा खुळखुळा झाला, नखं हिरवी पडली. नारळ खवताना बोट खवलं. ओव्याची फोडणी, आमसूल, गूळ – सगळं बरोब्बर! बिरडं म्हणजे असं जमलं! तीनदा घेतलं.

अंबिकेनं एक घास खाल्ला नि वाटी सरकवली. "पोट भरलं."

माझं डोकंच फिरलं. "बरोबर! तुला आता तिकडचंच गोड लागणार! जा, आत्ताच तिकीट काढ!"

ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "तिकडे कुशल रोज सकाळी विचारतो – आई, आज तुम्हाला काय खावंसं वाटतंय?" आणि उठून गेली. उरलेलं बिरडं मला काही गोड लागलं नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

चहा घेतानाच विचारलं, "आज काय खावंसं वाटतंय तुला?" ती कपातच बघत म्हणाली, "मटाराचं बिरडं. मला वाल कधीच आवडले नाहीत हो. कडू लागतात. मी आपला नुसता रस्सा घ्यायचे."

लग्नाला चौतीस वर्षं झाली! पिशवी घेऊन मटार आणायला निघालोय. जूनचं विचारायची अजून हिंमत होत नाही.